न बोलणाऱ्यांची साक्ष

पोलिओ डोसाची कुपी कधी जवळून पाहिलीय? अंगठ्याएवढी बाटली, आत गुलाबीसर पाणी आणि चिठ्ठीवर एक जांभळं वर्तुळ. वर्तुळाच्या पोटात एक पांढुरका चौकोन. बूथवर आपलं सगळं लक्ष कडेवरच्या लेकराकडे, त्यामुळे त्या चौकोनाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण बाटली कारखान्यातून निघाल्यापासून तो मुकाट्याने एक हिशेब मांडत असतो. कुठे किती ऊब लागली, किती वेळ लागली, सगळं त्याच्यात जमा होतं आणि तो गडद होत जातो. बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली बाद. छापलेली तारीख उलटायला अजून कितीही महिने असोत, बाद म्हणजे बाद.

आत ना बॅटरी, ना चिप. चौकोनाच्या शाईत डायअ‍ॅसिटिलीन जातीचे रेणू शेजारीशेजारी रचून बसलेले असतात. सुटे आहेत तोवर त्यांना रंग नसतो. ऊब मिळाली की ते जागच्या जागी एकमेकांचा हात धरतात, लांब साखळी तयार होते, आणि साखळीला मात्र रंग असतो. साखळी एकदा जुळली की पुन्हा सुटत नाही. बाटली दुपारभर उन्हात विसरली आणि संध्याकाळी गुपचूप बर्फात ठेवली, तरी चौकोन झालेलं विसरत नाही. ३७ अंशांवर ठेवला तर तो साधारण २ दिवसांत पुरता गडद होतो. ५ अंशांवर त्याच प्रवासाला २२५ दिवस लागतात. १९९६ पासून पोलिओच्या कुप्यांवर ही चिठ्ठी येते आहे. सरकारी यंत्रणेतला हा बहुधा एकमेव कारकून, ज्याला नोंदवही मागाहून भरता येत नाही.

एवढा बंदोबस्त कशासाठी, तर तोंडाने द्यायच्या या लशीत जिवंत विषाणू असतो. लंगडा केलेला, पण जिवंत. दोन थेंबांत पहिल्या प्रकारच्या विषाणूचेच निदान १० लाख कण. ते लेकराच्या आतड्यात जाऊन वाढले तरच लस लागू पडते, आणि उष्णतेत ते मरतात. म्हणून मोठ्या शीतगृहांत उणे २० अंश, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये २ ते ८ अंश, आणि शेवटचा टप्पा एका निळ्या पेटीतून. पेटीत बर्फाच्या चार लाद्या, खांद्याला पट्टा, आणि रस्ता जिथे संपतो तिथून पुढे नर्सबाईंचे पाय.

असाच एक रस्ता यवतमाळहून आग्नेयेला चाळीसेक किलोमीटरवर घाटंजीला जातो. कापूस-तुरीचा, कोलाम-गोंडांच्या वस्त्यांचा तालुका. या तालुक्यात भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत कापसी-कोपरी नावाचं गाव आहे. ३१ जानेवारी २०२१, रविवार. देशभर पल्स पोलिओचा दिवस. खरं तर मोहीम १७ तारखेला व्हायची होती. १६ जानेवारीला कोरोनाची लस सुरू झाली आणि पोलिओ दोन आठवडे पुढे गेला. आरोग्याची माणसं तोवर दहा महिने कोरोनाच्या मागे धावत होती.

त्या दिवशी कापसी-कोपरीत पाच वर्षांखालच्या १२ बालकांच्या तोंडात पोलिओच्या लशीऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले.

त्या वेळी तिथे एक डॉक्टर, एक अंगणवाडी सेविका आणि एक आशा कार्यकर्ती होती, असं तेव्हाच्या बातम्या सांगतात. घोटाळा गावच्या सरपंचांच्या लक्षात आला. मुलांना परत बोलावून खरी लस पाजली गेली. एका लेकराला उलटी झाली, ते अस्वस्थ झालं, आणि मग बाराही जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवलं. सगळी मुलं सुखरूप राहिली. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी चौकशी आणि तीन कर्मचाऱ्यांचं निलंबन जाहीर केलं. दोन-तीन दिवस बातमी देशभर फिरली आणि मग विरली.

मला मात्र त्या टेबलावरच्या दोन बाटल्या सोडवत नाहीत. एकीत लाखो जिवंत विषाणू, जपून, बर्फात ठेवून, शेकडो कोस चालवत आणलेले. दुसरीत विषाणू मारायचं औषध. इतक्या विरुद्ध गुणांच्या दोन वस्तू जगात शोधून सापडणार नाहीत, आणि त्या हातभर अंतरावर असाव्यात, कारण दोन्ही मुलांच्याच भल्यासाठी तिथे आणल्या होत्या. आणखी एक गंमत: कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचं वेष्टण असतं, ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून सॅनिटायझर त्याला चटकन मारतो. पोलिओच्या विषाणूला असलं वेष्टणच नाही, त्यामुळे तो अल्कोहोलला तितक्या सहजी बधत नाही. आणि चौकोन? चौकोनाला उष्णता कळते. शेजारी दुसरी कसली बाटली ठेवलीय, हे त्याला कळत नाही.

आता दवाखान्यातल्या डॉक्टरांची बाजू. दोन थेंब म्हणजे साधारण एक दशांश मिलिलिटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीप्रमाणे केलेल्या सॅनिटायझरमध्ये शंभरात ८० भाग इथेनॉल. हिशेब केला तर दोन थेंबांत ग्रॅमचा सोळावा-सतरावा हिस्सा दारू. दहा किलोच्या लेकराला एवढ्याने विषबाधा होण्याची भीती फारशी नाही. मग रात्रभर दवाखान्यात कशाला? कारण एकतर थेंब दोनच गेले, हे कोणी मोजलेलं नसतं. दुसरं, लहान मुलांचं शरीर दारूला मोठ्यांपेक्षा वेगळ्या तऱ्हेने घाबरतं. मोठा माणूस उपाशी राहिला तर त्याचं यकृत साठ्यातून आणि इतर घटकांतून साखर बनवत राहतं. लेकराचा साठा मुळातच लहान, आणि यकृत अल्कोहोल निपटायला लागलं की नवी साखर बनवण्याचं काम मागे पडतं. रक्तातली साखर उतरते. लेकरू झोपल्यासारखं दिसतं आणि आई म्हणते, दमलंय बिचारं. म्हणून नजरेखाली ठेवायचं, पाजत राहायचं, साखर तपासत राहायची. तिसरं कारण सॅनिटायझरच्या बाटलीत काय भरलंय याच्या शंकेचं. त्या साली बाजारात नको नको ते सॅनिटायझर म्हणून खपत होतं. पुढे एप्रिलमध्ये याच जिल्ह्यात वणीला टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून काहींनी सॅनिटायझर प्यायलं आणि सात जण गेले.

आणि आता तो प्रश्न, जो चहाच्या टपरीपासून विधानभवनापर्यंत सगळ्यांनी विचारला. शिकलेल्या माणसांच्या हातून असं होतंच कसं? बाटली दिसत नाही का? वास येत नाही का?

बाटली दिसते, आणि तरीही दिसत नाही. हात एकच काम पुन्हा पुन्हा करू लागला की मेंदू ते डोळ्यांच्या ताब्यातून काढून हाताच्या ताब्यात देतो. म्हणून तर आपण बोलता बोलता पोळ्या लाटतो. हात 'उजवीकडची छोटी बाटली' एवढंच शोधतो. चिठ्ठी वाचायचं काम मेंदूने केव्हाच वगळलेलं असतं. उजवीकडे त्या क्षणी दुसरी छोटी बाटली असली तर हात तीही उचलतो, त्याच आत्मविश्वासाने. मास्क नाकावर, टेबलावर सकाळपासून सॅनिटायझरचाच वास, त्यामुळे नाकही बाद. कापसी-कोपरीत नेमकं असंच झालं असा माझा दावा नाही. पण अशा चुकांचा जगभर जो अभ्यास झालाय, त्यात हा नमुना पुन्हा पुन्हा सापडतो. २०१३ साली पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यात पोलिओच्या मोहिमेत शंभराहून जास्त मुलांना हेपटायटिस-बीची, म्हणजे सुईने द्यायची लस थेंबांनी पाजली गेली होती. तिथलं गाव वेगळं, माणसं वेगळी, बाटली वेगळी. चूक मात्र सख्खी बहीण.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन याने आयुष्यभर हेच पाहिलं: अपघात घडतो तेव्हा एका माणसाच्या चुकीमागे पाच-सहा जुनी भोकं एका रेषेत आलेली असतात. सॅनिटायझर कुठे ठेवायचा हे कोणी ठरवलेलं नसतं, हे एक भोक. कुपी काढणारा आणि थेंब टाकणारा एकच, दुसरा हात तपासायला नाही, हे दुसरं. पर्यवेक्षण करणारा दहा बूथ फिरतोय, हे तिसरं. रोज ही भोकं असतात. एका रेषेत येत नाहीत म्हणून आपण त्यांना व्यवस्था म्हणतो.

यावरचा एक उपाय मला फार आवडतो. जपानमधले रेल्वे कर्मचारी सिग्नलकडे बोट करून मोठ्याने म्हणतात, 'सिग्नल हिरवा!' प्लॅटफॉर्मवर एकटा उभा गार्ड रिकाम्या रुळांकडे हात करून ओरडताना पाहिला की परदेशी पाहुण्यांना हसू येतं. या पद्धतीला शिसा कांको म्हणतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये साध्या कामांवर प्रयोग केला: नुसतं पाहून काम करताना दर १०० कृतींमागे २.३८ चुका होत होत्या. बोट दाखवून आणि बोलून केल्यावर ०.३८ उरल्या. कारण डोळ्याने वगळलेली गोष्ट जिभेला वगळता येत नाही. आपल्याकडेही इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक हात करून एकमेकांना सिग्नल सांगतात. वर्धा-बडनेरा मार्गावर रोज शेकडो वेळा हा संवाद होत असेल. पोलिओच्या टेबलावर बाटली उचलताना बाईंनी मोठ्याने 'पोलिओ, चौकोन पांढरा' म्हणायचं ठरवलं, तर त्याला एक पैसाही लागत नाही.

पण मुलांच्या बाबतीतल्या तक्रारीचा तपास सुरू होतो तो बहुतेकदा 'कोण?' या शब्दाने. संध्याकाळपर्यंत नाव हवं, उद्याच्या पेपरला निलंबन हवं. नोकरीच्या नियमांत निलंबन ही शिक्षा नसते, चौकशीपुरतं बाजूला ठेवणं असतं. गावात मात्र त्याच दिवशी निकाल लागलेला असतो. आणि आशा, अंगणवाडी सेविका तर मानधनावर. पगार देताना स्वयंसेविका, चुकताना कर्मचारी, हा न्याय कुठला, हे मला अजून उमगलेलं नाही.

लसीकरणानंतर काही बिघडलं तर तपास कसा करायचा, याची रीत मात्र चांगली आखलेली आहे. कारणांचे पाच खण: लशीचा अंगचा गुण, लशीच्या दर्जातला दोष, देण्यातली चूक, सुईच्या भीतीने झालेला त्रास, आणि निव्वळ योगायोग. कोणत्या खणात टाकायचं हे वस्तू पाहून ठरवायचं. त्यासाठी रिकाम्या कुप्या फेकायच्या नाहीत, पेटी होती तशी ठेवायची, त्याच कुपीतून आणखी कोणाला डोस गेला ते नोंदवहीतून काढायचं, फ्रीजच्या तापमानाची वही मागवायची. आपल्याकडे याला जुना, नेमका शब्द आहे: पंचनामा. पंचांदेखत वस्तू जिथे आहे तिथे, जशी आहे तशी लिहून घ्यायची. घटनास्थळ आवरून ठेवलेलं असलं की अनुभवी तपासनीसाचा चेहरा का पडतो, हे त्यामुळे कळतं. टेबल पुसणारा बहुधा काही लपवत नसतो. साहेब येणार म्हणून नीटनेटकं करत असतो. पण दोन बाटल्या हातभर अंतरावर होत्या की एकाच ट्रेमध्ये, हे त्या फडक्याबरोबर जातं.

कुपी निदान चिठ्ठी घेऊन येते. पाळणाघरातल्या दहा महिन्यांच्या लेकराची साक्ष कशी काढायची?

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरातून आणलेल्या दहा महिन्यांच्या मुलीच्या अंगावर आईवडिलांना खुणा दिसल्या. त्यांनी डॉक्टर गाठला, मग पोलीस. पाळणाघरातलं सीसीटीव्ही चित्रीकरण निघालं आणि सांभाळणाऱ्या बाईचं मारणं उभ्या महाराष्ट्राने पाहिलं. सगळ्यांना तो कॅमेरा आठवतो. मला त्याआधीची खूण जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती कोणी वाचली नसती तर कॅमेऱ्यापर्यंत कोणी गेलंच नसतं.

ही खूण वाचण्याचं एक शास्त्र आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये डॉक्टरांनी ९७३ निरोगी बालकं तपासली आणि कोणाच्या अंगावर काळेनिळे डाग आहेत ते मोजलं. चालू लागलेल्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त जणांच्या अंगावर डाग. धरून धरून उभं राहणाऱ्यांमध्ये शंभरात अठरा. आणि जी अजून धरूनही चालत नाहीत त्यांच्यात शंभरात जेमतेम दोन. विचार केला की हे उघडच वाटतं: पडायला आधी उभं राहावं लागतं. पण त्यातून केवढी ताकदीची कसोटी निघाली पाहा. चालत्या पोराच्या नडगीवरचा डाग म्हणजे बालपण. न चालणाऱ्या लेकराच्या कानावरचा, मानेवरचा, पोटावरचा डाग म्हणजे प्रश्न. 'खेळताना पडलं असेल' हे उत्तर, जे पडूच शकत नाही त्याला लागू होत नाही.

हाडं तर त्याहून चोख. १९४६ मध्ये जॉन कॅफी नावाच्या अमेरिकी क्ष-किरण तज्ज्ञाने सहा तान्ह्या मुलांची कहाणी छापली. मेंदूभोवती रक्तस्राव म्हणून आणलेली मुलं, आणि एक्स-रे काढला तर लांब हाडांत एकूण २३ फ्रॅक्चर. मार लागल्याचं एकाही घरातून कोणी सांगितलं नव्हतं. मोडलेल्या हाडाभोवती साधारण एक-दोन आठवड्यांत नवं हाड धरू लागतं आणि ते फोटोत ढगासारखं दिसतं. एकाच लेकरात एक फ्रॅक्चर ताजं, एक जुळत आलेलं आणि एक पूर्ण जुनं दिसलं, तर ते एका पडण्याचं काम नव्हे. पोलिओच्या कुपीवर माणसाने जो चौकोन चिकटवला, तसला हिशेब निसर्गाने हाडात आधीच ठेवला होता. वाचायला माणूस एकोणिसशे शेहेचाळीसपर्यंत थांबला.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. तो चांगला साक्षीदार आहे, पण विसरभोळा. बहुतेक यंत्रं ठरावीक दिवसांनी जुन्या चित्रांवर नवी चित्रं लिहितात, त्यामुळे तक्रार महिन्याने आली तर पडद्यावर फक्त काल-परवा असतं. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या २०२४ च्या प्रकरणात पंधरा दिवसांचं चित्रीकरण सापडत नसल्याचं खुद्द त्या वेळच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं होतं. शिवाय कॅमेऱ्याला मारणं दिसतं. न पाहणं दिसत नाही. तासभर ओल्या लंगोटात पडलेलं लेकरू त्याच्या चित्रात शांत झोपलेलं दिसतं.

लेकरू बोलू लागलं की तपास सोपा होतो असं वाटेल. इथेच सगळ्यात जपून चालावं लागतं.

मिशेल लाइक्टमन आणि स्टीफन सिसी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक प्रयोग छापला. एका बालवाडीत सॅम स्टोन नावाचा पाहुणा आला. दोन मिनिटं वर्गात फिरला, नमस्कार-चमत्कार केला, निघून गेला. ना कशाला हात लावला, ना काही मोडलं. पण काही मुलांना आधी कित्येक आठवडे सॅमच्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या: तो फार वेंधळा, याची बाहुली मोडतो, त्याचं काहीतरी सांडतो. तो येऊन गेल्यावर पुढचे दहा आठवडे त्याच मुलांना मधूनमधून असे प्रश्न विचारले: सॅमने पुस्तक फाडलं तेव्हा त्याची पँट लांब होती की आखूड? शेवटी एका नव्याच माणसाने येऊन मुलांना विचारलं, त्या दिवशी काय झालं? विचारत विचारत गेल्यावर तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी ७२ टक्क्यांनी सांगितलं की सॅमने पुस्तक फाडलं किंवा टेडी खराब केला. काहींनी तपशीलही पुरवले. त्यांच्या चित्रफिती मुलांच्या साक्षींचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवल्या, तर खरं कोण सांगतंय आणि न घडलेलं कोण, हे त्यांनाही ओळखता येईना.

यातली कोणतीच मुलं खोटं बोलत नव्हती, हे सगळ्यात थक्क करणारं. काहींना तर आठवतच होतं तसं. आठवण कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते. दर वेळी काढताना ती नव्याने शिवली जाते, आणि विचारणाऱ्याच्या हातातला दोराही त्या शिवणीत जातो.

पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजू अनेकदा सांगायची राहून जाते. ज्या मुलांना आधी काही भरवलं नव्हतं आणि ज्यांना सरळ विचारलं, त्यांनी आपणहून सॅमवर एकही आळ घेतला नाही. म्हणजे तीन वर्षांचं मूलसुद्धा भरवशाचा साक्षीदार असतं. बिघडवतो तो प्रश्न.

हा धडा जगाने फार महाग विकत घेतला. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथल्या मॅकमार्टिन बालवाडीविरुद्ध एका आईने तक्रार केली. पोलिसांनी शेकडो पालकांना पत्रं पाठवली, 'तुमच्या मुलाला विचारा.' मग जवळजवळ चारशे मुलांच्या मुलाखती झाल्या. हातातल्या बाहुल्यांकडून वदवून घेणं, 'बाकीच्यांनी सांगितलंय, तू हुशार ना?' असं चुचकारणं. गोष्टी फुगत गेल्या, गुप्त भुयारांपर्यंत पोचल्या. १९९० मध्ये एकालाही दोषी न ठरवता खटले संपले. आणि सगळ्यात वाईट हे, की सुरुवातीच्या तक्रारीत काही तथ्य होतं की नव्हतं, हे कळायची वाटच त्या प्रश्नांनी बुजवून टाकली.

आपल्या घरात हे रोज घडतं. लेकरू अंगणवाडीतून रडत आलं. आजी विचारते, 'बाईनं मारलं काय रे?' लेकरू हो म्हणतं. 'जोरात मारलं?' हो. 'काठीनं?' हो. शेजारीण विचारते, तिलाही हो. संध्याकाळी बाप घरी येईतो काठी नक्की झालेली असते. आता तेच लेकरू मांडीवर घेऊन नुसतं म्हणा, 'आज काय काय झालं, सांग बरं.' आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच कठीण. मूल आधी कावळ्याचं सांगेल, मग खिचडीचं, मग पिंकीने ढकललं ते. मधेच बाईंचं येईल, किंवा येणार नाही. 'मग?' एवढंच विचारायचं. मुलांशी बोलणाऱ्या प्रशिक्षित तपासनिसांची रीत याहून फार निराळी नाही. त्यांच्याकडे नियम लेखी असतात आणि मुलाखत शक्यतो एकदाच होते, एवढंच. १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरावर फोन करण्याआधी घरच्यांनी मुलाला दहा वेळा खोदून विचारलं, तर अकराव्या वेळी विचारणाऱ्याच्या हाती घरच्यांचंच बोलणं पडतं.

कापसी-कोपरीची १२ मुलं यातलं काहीच सांगू शकली नाहीत. ज्यांना बोलता येत होतं त्यांनाही पोलिओचा डोस कसा लागतो हे कुठे ठाऊक असणार? तोंड वाकडं केलं असेल, थुंकलं असेल. पण खरा डोस पाजतानाही मुलं तेच करतात. मुलांची साक्ष आणि रोजचं रडणं इतकं सारखं दिसतं की वेगळं काढायला तिऱ्हाईत डोळा लागतो.

तो डोळा तिथे होता, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. चूक सरपंचांनी ओळखली. चौकोनाने नाही, कॅमेऱ्याने नाही, वरून आलेल्या पर्यवेक्षकाने नाही. टेबलाच्या अलीकडच्या, हाताला सवय न लागलेल्या माणसाने. इथे मला १९४५ मधलं बोर्डी आठवतं. ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या त्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्याच वर्षी येऊन मिळाल्या. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तर ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली आणि शब्द जन्मला: अंगणवाडी. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू केली. अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर पोचला. अंगण तेवढं वाटेत गळालं. ताराबाईंनी ते सोयीसाठी निवडलं होतं, पण अंगणाला भिंत नसते. जात्यावरची आजी, पाणी भरायला निघालेली सून, बैल सोडून आलेला काका, सगळ्यांना बाई मुलांशी काय करतात ते दिसतं, आणि कोणालाही न घाबरता विचारता येतं, 'बाई, हे काय पाजताय?' आज घाटंजी पंचायत समितीतल्या प्रकल्प अधिकाऱ्यापर्यंत तक्रार जायची तर सेविका, पर्यवेक्षिका, अर्ज, शिक्का अशी उतरंड चढावी लागते. त्या काळी ती अंगणातल्या अंगणातच निकालात निघत असावी. कामाला गेलेल्या आईला त्या अंगणाचा किती आधार होता, हे आज खोलीत कोंडलेल्या पाळणाघरांकडे पाहून कळतं.

पल्स पोलिओत डोस पाजला की लेकराच्या डाव्या करंगळीवर शाई लावतात. रविवारनंतरच्या दिवसांत पथकं घरोघरी फिरतात, करंगळ्या पाहतात, दारावर खडूने खूण करतात. सगळ्यांना डोस मिळाला असेल तर 'पी', कोणी राहिलं असेल तर 'एक्स'. दारात आजी लेकराची मूठ सोडवते, पथकातली बाई वाकून शाई पाहते आणि पुढच्या घराकडे निघते. करंगळीवरून तिला एवढंच कळतं, की आपल्या आधी कोणीतरी इथे येऊन गेलं होतं.